पाच लिटर जवसाचं तेल आणि सासूबाईंची भजी

ताई,
माझे धाकटे दीर चंद्रपूरजवळ गावी शेती करतात. मार्चअखेरीस ते पुण्याला आले, तेव्हा घरच्या जवसाचं घाणीवर काढलेलं ५ लिटर तेल प्लास्टिकच्या कॅनमधून घेऊन आले. त्याला आता दीड महिना झाला. कॅन ओट्याखाली आहे. सासूबाई म्हणाल्या, आमच्याकडे पूर्वी याच तेलात सगळं व्हायचं, भजी तळ. तळली तर घरभर मासळीसारखा वास सुटला, कुणी खाल्ली नाहीत आणि त्या हिरमुसल्या. यजमानांचं कोलेस्टेरॉल थोडं वाढलंय. सकाळी फिरायला जाणाऱ्या मित्रांनी सांगितलं म्हणून ते रोज उपाशीपोटी दोन मोठे चमचे हे तेल पितात. परवापासून म्हणतायत की कडू लागतंय, पण 'औषध कडूच असतं'. त्याच मित्रांच्या ग्रुपवर पनीर आणि जवसतेलाने कॅन्सर बरा होतो असाही मेसेज फिरतोय. हे तेल ठेवायचं कसं, कशात वापरायचं, की टाकून द्यायचं? पाच वर्षांच्या मुलीला देऊ का? दिरांना वाईट वाटेल असं काही करायचं नाहीये.
— एक वाचक, पुणे

ताई,

आधी यजमानांचं ते दोन चमचे पिणं आजपासून थांबवा. मग कॅन ओट्याखालून बाहेर काढा आणि त्यातलं चमचाभर तेल वाटीत घ्या. तापवू नका. तसंच नाकाशी धरा.

ताज्या जवसतेलाला भाजलेल्या दाण्यासारखा, किंचित गवतासारखा वास असतो. चव सौम्य असते, गिळल्यावर जिभेवर फारसं काही मागे राहत नाही. उतरलेल्या तेलाला रंगाच्या दुकानासारखा, खिडकीच्या काचा बसवायच्या लांबीसारखा (पुटीसारखा) वास येतो, काही वेळा मासळीसारखाही. घशाशी खवखवतं. कॅनच्या तोंडाशी, झाकणाच्या आट्यांमध्ये बोट फिरवून पाहा. तिथे पिवळट, चिकट थर धरला असेल तर तेवढ्यावरून आतलं सगळं तेल बिघडलं असं म्हणता येणार नाही, पण ते कुठल्या दिशेने चाललंय ते कळतं.

नुसत्या कडवटपणावर मात्र निकाल देऊ नका. जवसतेलात प्रथिनांचे अगदी छोटे तुकडे उतरलेले असतात. तेल ठेवलं की हवेने ते बदलतात आणि कडू लागतात. तेल अजून खवट झालेलं नसतानाही हे होऊ शकतं. म्हणजे कडू तेल दर वेळी वाईट असतंच असं नाही, पण ते शिळं होत चाललंय हे नक्की. औषध कडू असतं म्हणून जे कडू ते औषध, हे गणित यजमानांना सोडायला सांगा.

मला विचाराल तर तुमचं तेल गेलेलं आहे. चंद्रपूरचा मार्च, मग प्रवासाचा उकाडा, मग पुण्याचा एप्रिल-मे, पारदर्शक किंवा अर्धपारदर्शक प्लास्टिक, रोज उघडणारं झाकण आणि दर चमच्यागणिक कॅनमध्ये वाढत जाणारी हवा. यातून जवसाचं तेल चांगलं राहिलं तर नवल. वास घेऊन खात्री करा, पण मनाची तयारी ठेवा.

असं का होतं ते थोडं सविस्तर सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. जवसाच्या तेलात निम्म्याहून अधिक, साधारण ५० ते ६० टक्के, अल्फा लिनोलेनिक आम्ल असतं. हेच ते वनस्पतीतलं ओमेगा-३, ज्याच्यासाठी लोक हे तेल घेतात. शेंगदाण्याच्या, सूर्यफुलाच्या तेलात ते जवळजवळ नसतंच. मोहरीच्या तेलात १० टक्क्यांच्या आसपास, सोयाबीनच्या तेलात त्याहून कमी. या आम्लाच्या साखळीत तीन जागा अशा असतात की हवेतला प्राणवायू तिथे चटकन चिकटतो. म्हणून शेंगदाण्याचं तेल ज्या अवस्थेत महिनोन्‌महिने राहतं, त्या अवस्थेत हे तेल काही आठवड्यांत खवट होतं. ऊन, उजेड, उष्णता आणि तांबं-लोखंडासारखे धातू ही क्रिया आणखी वेगाने घडवतात.

याच गुणामुळे हे तेल पातळ थरात पसरलं की सुकून कडक होतं. चित्रकारांचे तैलरंग याच्यावर चालले, क्रिकेटच्या बॅटी यानेच माखल्या जातात, आणि इंग्लंडात १८६०च्या दशकात फरशीवर अंथरायचं लिनोलियम निघालं तेही यातूनच. रंगाऱ्याला जे हवं असतं, नेमकं तेच स्वयंपाकघराला नको असतं. आणि हो, हार्डवेअरच्या दुकानात 'डबल बॉइल्ड' म्हणून जे अळशीचं तेल स्वस्तात मिळतं ते खायचं नाही. लवकर सुकावं म्हणून त्यात धातूंची संयुगं घातलेली असतात. तुमच्या घरी ते येणार नाही, पण आजकाल 'तेच तर तेल' म्हणणारे भेटतात म्हणून सांगून ठेवते.

आता भजी. सासूबाई खोटं बोलत नाहीयेत. पूर्व विदर्भात भाताच्या कापणीनंतर शेतात उरलेल्या ओलीवर जवस घेत आले आहेत, आणि तिथे जवसाचं तेल पिढ्यान्‌पिढ्या खाण्यात होतं. ते कढवून घेत, त्यात फोडण्या देत, तळणही करत. फरक असा की गावात तेली होता, घाणी होती, आणि घरात जवसाचं पोतं होतं. तेल लागेल तसं थोडं थोडं काढून आणलं जाई, दीड महिना कॅनमध्ये बसत नसे. शिवाय त्या वासाची त्या घरांना सवय होती. सासूबाईंना हे असंच सांगा. त्यांच्या आठवणीला धक्का लावायची गरज नाही, आणि त्यांच्याकडून भज्यांऐवजी जवसाची चटणी कशी कुटायची ते शिकून घ्या. ती गोष्ट खरोखर मोलाची आहे, पुढे येतेच तिच्याकडे.

तळायचं मात्र नाही, ताजं तेल असलं तरी नाही. घाणीच्या, रिफाइंड न केलेल्या जवसतेलातून साधारण १०७ अंश सेल्सिअसलाच धूर निघू लागतो. म्हणजे पाणी उकळतं त्याच्या जरासं वर. साधी जिऱ्यामोहरीची फोडणीसुद्धा सहज दीडशेच्या पुढे जाते, तळण तर त्याहूनही वर. ज्या ओमेगा-३साठी तेल आणलं तेच कढईत मोडतं, आणि त्याच्या तुकड्यांचा वास म्हणजे तुमच्या घरात पसरलेली ती मासळी. त्यामुळे फोडणीला तुमचं नेहमीचं शेंगदाण्याचं किंवा करडईचं तेलच ठेवा.

मग हे तेल घालायचं कुठे? वरून. आपल्या जेवणात कच्च्या तेलाची धार काही नवी नाही. पिठल्याचा गोळा पानात वाढल्यावर त्यावर, ठेचा भाकरीवर घेतला की त्यात, कोरड्या चटणीत खळगा करून, दडप्या पोह्यांत. तिथे शेंगदाण्याच्या तेलाऐवजी जवसाचं घ्या. ज्वारीच्या भाकरीशी आणि लसणाशी याचं फार जमतं, कारण दोन्हींची चव ठसठशीत असते आणि तेलाचा गवताळपणा त्यात मुरतो. वरणभातावर मला ते आवडत नाही. तिथे तूपच हवं. पण मेतकूट-भातावर चालतं. कोशिंबिरीत दह्याबरोबर फेटून घातलं तर मुलांना कळतही नाही. तुमच्या सासरचा गोळाभात असेल तर हिंग-मोहरीची फोडणी नेहमीच्या तेलाची करा, ती कोमट होऊ द्या, आणि मग पानावरच अर्धा चमचा जवसाचं तेल सोडा. विदर्भातल्या माणसाला त्यात ओळखीचं काहीतरी सापडेल.

डब्यात देताना सावध राहा. ऑफिसात डबा मायक्रोवेव्हमध्ये गरम होणार असेल तर तेल आधी घालून उपयोग नाही. कणकेत मोहन म्हणून नको, तव्यावर पोळीला लावायला नको. आणि लोणच्यात तर अजिबात नको. लोणच्याची बरणी वर्षभर बाहेर राहते, त्यावरचं तेल हवेला अडवायला असतं. इथे तेच तेल सगळ्यांत आधी खवट होईल आणि कैऱ्या वाया जातील.

ठेवायचं कसं, तर फ्रिजमध्ये. याला दुसरा पर्याय मी तरी देणार नाही. गडद रंगाची काचेची बाटली, झाकण घट्ट, आणि दाराच्या कप्प्यात नाही तर आत मागच्या बाजूला, जिथे दार उघडल्या-मिटल्याने तापमान वरखाली होत नाही. गडद बाटली नसेल तर साध्या काचेच्या बाटलीला कागद किंवा फॉइल गुंडाळा. स्टीलचा घट्ट झाकणाचा डबा चालेल. पितळेची बुधली, तांब्याचं किंवा लोखंडाचं भांडं नको, कारण वर सांगितलं तसं हे धातू तेल खवट व्हायला मदत करतात. वापरून झालं की बाटलीचं तोंड कागदाने पुसायचं. बाटलीवर उघडल्याची तारीख लिहायची आणि महिना-दीड महिन्यात संपवायची.

न उघडलेलं जास्तीचं तेल असेल तर छोट्या बाटल्यांत गळ्यापर्यंत भरा, म्हणजे आत हवा राहणार नाही, आणि फ्रीजरमध्ये टाका. जवसाचं तेल गोठायला उणे २०च्या आसपास जावं लागतं, त्यामुळे घरच्या फ्रीजरमध्येही ते ओतता येण्याइतकं पातळ राहतं. तळाशी थोडा गाळ बसला तर घाणीच्या तेलात ते असतंच. पण साध्या फ्रिजमध्ये ठेवलेलं 'शुद्ध जवसतेल' तुपासारखं थिजलं, तर त्यात दुसरं काहीतरी मिसळलंय अशी शंका जरूर घ्या. शेंगदाण्याचं तेल थंडीत घट्ट होतं, हे होत नाही.

विकत घेतानाही हाच विचार. लाकडी घाण्याचं तेल विकणारी दुकानं हल्ली पुण्यात गल्लोगल्ली झालीत. तिथे ट्यूबलाइटखाली पारदर्शक बाटल्यांत जवसतेल मांडलेलं दिसलं तर पुढे चला. घाणा लाकडी असो की लोखंडी, मला त्यापेक्षा तेल कधी काढलं ती तारीख महत्त्वाची वाटते. बाटली २५० मिलीची घ्या. घरातली दोन माणसं रोज एक-एक चहाचा चमचा, म्हणजे ५ मिली, घेणार असतील तर ती पंचवीस दिवसांत संपते. त्याहून मोठी बाटली स्वस्त पडते, पण त्यातलं शेवटचं निम्मं तुम्ही खवट खाता.

आता यजमानांचं कोलेस्टेरॉल. एका चहाच्या चमच्यात सुमारे सव्वादोन-अडीच ग्रॅम अल्फा लिनोलेनिक आम्ल येतं. मोठ्या माणसाला दिवसाला पुरुषांसाठी १.६ आणि बायकांसाठी १.१ ग्रॅम पुरेसं मानतात. म्हणजे एक चमचा भरपूर झाला. दोन मोठे चमचे म्हणजे गरजेच्या कितीतरी पट, आणि वर २४० कॅलरी, उपाशीपोटी, बाकीचं जेवण आहे तेवढंच ठेवून. याने पोट सुटतं, वजन वाढतं. उपाशीपोटी पिऊन ते जास्त लागू पडतं असंही नाही. जेवणाबरोबर घेतलेलं तेल शरीर नीटच पचवतं.

आणखी एक गोष्ट या मित्रमंडळींना कुणी सांगत नाही. कोलेस्टेरॉल थोडं उतरल्याचं अभ्यासात दिसतं ते मुख्यतः दळलेले जवस खाणाऱ्यांत. नुसत्या तेलाने तसं स्पष्ट दिसत नाही. कारण तेल काढलं की जवसातला चोथा आणि लिग्नन नावाची द्रव्यं पेंडीत राहतात, ती गुरं खातात. शिवाय जवसातलं ओमेगा-३ आणि माशातलं ओमेगा-३ एक नाही. शरीर एकाचं दुसऱ्यात रूपांतर करतं, पण फार थोडं. तेव्हा डॉक्टरांनी गोळी दिली असेल तर ती चालूच ठेवायची, तेल तिच्याऐवजी नाही. रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर जवसतेल रोज सुरू करण्याआधी डॉक्टरांच्या कानावर घाला. घरात कुणी गरोदर असेल तरी तेच.

पनीर आणि जवसतेलाचा मेसेज येतो तो जर्मनीच्या योहाना बुडविग यांच्या आहारातून. त्यांनी गेल्या शतकाच्या मध्यावर क्वार्क नावाच्या तिकडच्या मऊ चीजमध्ये जवसतेल घालून खायचा सल्ला दिला होता. त्याने कॅन्सर बरा होतो हे रुग्णांवरच्या कुठल्याही नीट केलेल्या चाचणीत सिद्ध झालेलं नाही. पनीरवर चमचाभर ताजं जवसतेल आणि मीठ-मिरपूड घालून खाल्लं तर चवीला बरं लागतं. एवढ्यापुरतं ते ठीक. ज्याच्या घरात खरोखर आजारपण आहे त्याच्याकडे हा मेसेज कृपा करून पुढे पाठवू देऊ नका.

म्हणून माझं तुम्हाला खरं सांगणं असं की तुमच्या घराला तेलापेक्षा जवस हवेत. अख्ख्या जवसाचं टरफल इतकं पक्कं असतं की तेल आत सुरक्षित राहतं. कोरड्या डब्यात वर्षभर काही होत नाही. पण त्याच टरफलामुळे न चावलेला जवस पोटातून जसाच्या तसा बाहेर पडतो, म्हणून तो कुटायला किंवा दळायला हवा. मोठा चमचाभर, साधारण ७ ग्रॅम, दळलेल्या जवसात दीड ग्रॅमच्या आसपास ओमेगा-३ मिळतं. यजमानांचा दिवस तेवढ्यात भागतो, चोथा वेगळा.

जवस मंद आचेवर जाड बुडाच्या कढईत भाजा. तडतडायला लागून एक-दोन दाणे बाहेर उडाले की उतरवा. जास्त भाजले तर कडू होतात. त्यातच जिरं आणि सुक्या मिरच्या परतून घ्या. गार झाल्यावर मीठ, न सोललेल्या लसणाच्या पाकळ्या, थोडे भाजलेले तीळ घालून खलबत्त्यात कुटा. मिक्सर असेल तर थांबत थांबत फिरवा, नाहीतर तेल सुटून गोळा होतो. आठ-दहा दिवस पुरेल एवढीच करा आणि फ्रिजमध्ये ठेवा, कारण एकदा कुटल्यावर तीही हळूहळू खवट होते. भाजल्याने आतलं ओमेगा-३ जातं का, असं विचारलंत तर थोडक्या भाजण्याने फारसं जात नाही, आणि कच्च्या जवसात जी थोडी नको असलेली सायनाइडजन्य द्रव्यं असतात ती भाजल्याने कमी होतात. कच्चे जवस मुठीमुठीने खाण्याची जी नवी टूम आहे ती म्हणून नको. भाकरीच्या पिठात दळलेले जवस मिसळले तरी चालतात. भाकरी तव्यावर असली तरी आतलं पीठ कढईतल्या तेलाइतकं तापत नाही.

आता उरलेला कॅन. वास ठीक निघाला, म्हणजे माझा अंदाज चुकला, तर आजच छोट्या बाटल्या भरा, एक स्वतःला ठेवा, बाकी शेजारी-नातलगांत वाटा, प्रत्येकीला 'वरून घ्या, फ्रिजमध्ये ठेवा' एवढं सांगून. वास रंगासारखा आला तर जीव लावू नका. तळणात संपवायचा मोह होईल, तो टाळा. मोरीत ओतू नका, नळीत सुकून चिकटा धरेल. गावी कुणी जाणार असेल तर कॅन परत पाठवा, तिथे कुदळीच्या, कुऱ्हाडीच्या दांड्यांना, बैलगाडीच्या लाकडाला ते उत्तम. घरी लाकडी बाकाला लावलंत तर पुसायचं फडकं चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. हे तेल सुकताना गरम होतं आणि अशी फडकी आपोआप पेटल्याच्या घटना होतात. फडकं पाण्यात भिजवा किंवा बाहेर मोकळं पसरून वाळवा.

दिरांना फोन करून तेल वाईट निघालं असं सांगू नका. ते वाईट निघालेलं नाहीच, आपण ठेवलं तिथे ते टिकलं नाही, आणि कॅनमध्ये द्यायचं सुचवणाऱ्या घाणीवाल्यालाही ते ठाऊक असायचं कारण नाही. म्हणा, "भाऊजी, तुमचे जवस इथे मिळत नाहीत हो. पुढच्या खेपेला तेल नको, पाच-सहा किलो जवसच पाठवा. आईंनी चटणी शिकवली, ती सगळ्यांना आवडलीय." शेतकऱ्याला आपला माल मागितलेला आवडतो. तेल हवंच असेल तर तुम्ही गावी गेलात की पाव लिटर समोर काढून घ्या आणि घरी येताच फ्रिजमध्ये टाका.

मुलीला चालेल. पाच वर्षांच्या मुलीला कोशिंबिरीत किंवा पोह्यांवर पाव ते अर्धा चहाचा चमचा ताजं तेल, रोज नाही दिलं तरी बिघडत नाही. चटणी द्यायची तर मिरची कमी घालून, दह्यात कालवून. नव्याने सुरू करताना पहिले दोन-चार दिवस अगदी थोडं द्या आणि पोट ढिलं होतंय का, अंगावर पुरळ उठतंय का, एवढं बघा.